खोबणीची कागदी भिंत

पापणी इतकी सुजलेली असते की आतला डोळा दिसतच नाही. सोबत पोलिसांचं पत्र, केसपेपरवर 'एमएलसी'चा, म्हणजे मेडिको-लीगल केसचा शिक्का. वसईतल्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरबाईंना असे पेशंट नवे नाहीत. दारात उभे नातेवाईक म्हणतात, "मॅडम, हाड मोडलंय असं लिहा ना."

कारण त्या एका ओळीवर कलम ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीच्या यादीत एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं आहे, तसंच हाड मोडणंही आहे. मुद्दाम केलेल्या साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. आणि हाड कसलं? डोळ्याच्या खोबणीची नाकाकडची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ; शरीरशास्त्राने तिला नावच कागदावरून दिलंय. साध्या एक्स-रेत तिची मोड सहज निसटते. म्हणून सीटी, मिलिमीटरभर जाडीचे काप, समोरून आणि बाजूनेही जुळवून पाहिलेले.

खोबणीचं हाड आतल्या आत कसं फुटतं, हे पाहायला १९५७ साली स्मिथ आणि रेगन या अमेरिकी डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडी मारली. खोबणीची कड शाबूत राहिली, तळ मात्र फुटला. 'ब्लो-आउट फ्रॅक्चर' हे नाव तेव्हापासूनचं.

खरा कस पुढे लागतो: मोड ताजी की जुनी? भिंत आत दबलेली दिसली तरी ते वर्षांपूर्वीच्या पडण्यामुळे असू शकतं, क्वचित जन्मजातही. ताज्या मोडीची साक्ष शेजारी मिळते. सायनसमध्ये साचलेलं रक्त, खोबणीत शिरलेली हवा, सुजलेले स्नायू. यातलं काहीच नसेल आणि कडा गोलसर झालेल्या असतील, तर डॉक्टरबाई 'जुनी असण्याची शक्यता' असंच लिहितात, समोरचे कितीही रडोत. ठोसा होता की जिन्याचा कठडा, हे सीटी सांगत नाही. त्यामुळे तेही त्या लिहीत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र अहवालही मागे राहतो. डोळा पांढराशुभ्र, सूज जेमतेम, पण वर बघायला सांगितलं की पोर ओकतं, नाडी मंदावते. लवचीक हाड फटीसारखं उघडून परत मिटलेलं असतं आणि स्नायू त्यात चिमटलेला. उशीर झाला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो. पडद्यावर हे दिसताच त्या टायपिंग सोडतात आणि आधी नेत्रशल्यविशारदाला फोन लावतात.