गरवायला गेलेला दिवस

गळाने मासे धरण्याला कोकणात गरवणे म्हणतात, आणि गरवायला जायचा दिवस पंचांगावरून ठरतो. भरतीची वेळ काढायला खाडीकाठच्या माणसाला तिथी पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की जो आकडा येतो, त्या सुमारास पाणी भरलेले असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि हीच वेळ दिवसाची तशी रात्रीचीही. हिशेब ढोबळ आहे. भरती तिथीगणिक सुमारे 48 मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीत 45 मिनिटेच धरली जातात, त्यामुळे पंधरवडा संपेपर्यंत तो पाऊण तास मागे पडतो. शिवाय मुखापासून खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते. आपल्या धक्क्यावर किती वेळ मिळवायचा, हे त्या त्या गावाला पाठ असते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाण्याला ओढ इतकी असते की शिसे तळाला ठरत नाही, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, वाहत जाऊन धोंड्यांत अडकते. भांगाला पाणी संथ असते, पण मग मासाही सुस्त असतो असे अनेकांचे म्हणणे. पाणी वाहते आहे तोवर मासा खायला फिरतो आणि भरती-ओहोटीच्या सांध्यावर, पाणी उभे राहिले की तोंड मिटतो, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे. म्हणजे चांगल्या दिवसाचा पहिला भाग आदल्या रात्री घरात बसून, बोटांवर मोजून तयार झालेला असतो. अशा मोजून काढलेल्या दिवसांतलेही कितीतरी दिवस रिकामे जातात. हिशेब न करता, सहज म्हणून टाकलेल्या गरीला तांबोशी लागते. तरी हिशेब कोणी सोडत नाही. तो माशासाठी केला जातो की दिवसाला काहीतरी आधार असावा म्हणून, हे वरवर दिसते तितके उघड नाही.

साहित्य थोडेच लागते. गरी, तंगूस, शिशाचा तुकडा, आमिषाला सुंगटे किंवा गांडूळ. काळुंदराचे तोंड लहान, त्याला बारीक गरी आणि भिजवलेल्या पिठाची गोळीही चालते. तांबोशीला जिवंत सुंगट हवे, तेही शेपटीकडून ओवलेले, म्हणजे ते पाण्यात बराच वेळ हलत राहते. काठी न वापरता हातानेच गरवणारे पुष्कळ आहेत. त्यांची तंगूस तर्जनीच्या पेरावरून गेलेली असते आणि पाण्याखालच्या साऱ्या बातम्या त्या पेराला कळतात. मुडदुशी भराभर टोचे मारते. कुर्ली आमिष धरून बसली की दोरी नुसती जड होते, हिसका येत नाही. केंड आमिष कुरतडतो, आणि पुष्कळदा दोरी एकदम हलकी होते, कारण त्याच्या चोचीसारख्या दातांनी तंगूस गरीसकट तुटलेली असते. तांबोशी एकच ओढ देते आणि थेट कांदळाच्या मुळांकडे धावते. तिथे ती पोचली तर दोरी वाचत नाही. वर्षानुवर्षे गरवणाऱ्याच्या तर्जनीवर बारीक आडवे चरे पडलेले असतात. त्या पेराला येणारी जाण शिकवून येत नाही. शेजारी बसून तास घालवलेल्या पोराला ती एखाद्या दिवशी आपोआप आलेली असते.

यानंतर वाट पाहणे. दिवसाचा सर्वांत मोठा भाग हाच, आणि समाधान कशात आहे हा प्रश्न खरा इथेच अडतो. व्यवहारी माणसांची एक म्हण इथे हटकून आठवते: पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. जी वस्तू अजून हाती नाही, धड दिसतही नाही, तिचा सौदा करू नये, असा तिचा रोख आहे. गरवणारा तर नेमके हेच करत बसलेला असतो. पण म्हण जरा नीट पाहिली तर तिच्यातली म्हैस अगदीच न दिसणारी नाही. पाण्यात बसलेल्या म्हशीची शिंगे दिसतात, नाकपुड्या दिसतात, पाठीचा काळा उंचवटा दिसतो. दिसत नाही ते एवढेच: कास कशी आहे, पाय धड आहेत की नाहीत. मोल ठरवायला जे लागते तेवढेच झाकलेले आहे. गरीच्या दोरीवरही हेच घडते. हिसका कळतो, वजन कळते, ओढीची दिशा कळते. मासा कोणता आणि केवढा, ते वर येईपर्यंत झाकलेले राहते. अर्धे कळण्यात जी ओढ आहे ती पुरते कळण्यात नाही आणि काहीच न कळण्यातही नाही. ज्या अवस्थेबद्दल म्हण सावध करते, तीच गरवणाऱ्याला हवी असते.

ही म्हण गरवण्याला सगळीकडे बसत नाही. म्हैस संध्याकाळी आपण होऊन बाहेर येते. तिचा धनी तिला ओळखतो, तिचे दूध किती हे त्याला ठाऊक असते. सौद्यात एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. खाडीच्या काठावर कोणालाच माहीत नसते. विकणारा नाही, बोली लावणारा एकटाच, आणि घासाघीस चालते ती त्याची त्याच्याशी. सकाळी तो म्हणतो, एखादी मोठी तांबोशी मिळावी. उन्हे वर आली की चार मुडदुश्या मिळाल्या तरी चालतील. पाणी उभे राहायला आले की शेंगटीदेखील चालेल, काहीतरी हाताला लागू दे. मोल उतरत जाते. कधी उलटही होते: तासभर काही लागले नाही की पुढचा मासा मोठाच असणार असे मनाने ठरवले जाते आणि मोल चढत जाते. सुटलेल्या माशाचे तर विचारायलाच नको, तो दर सांगण्यागणिक वाढतो. त्याला कोणी खोटे म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांचाही एकेक मासा असाच सुटलेला असतो.

या म्हणीत आणखी एक जण आहे, आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हैस. बाहेर सौदा चालला असताना ती पाण्यात सुखाने डुंबते आहे. त्या सबंध प्रसंगात निर्विवाद समाधानी कोण, तर तीच. हा विचार माशापर्यंत नेला की मात्र अवघड होतो. गरवण्याच्या दिवसाचे समाधान ज्याच्या जिवावर उभे आहे, त्याचा तो शेवटचा दिवस असतो. कोकणात हे कोणी लपवत नाही आणि त्याचा फार घोळही घालत नाही. मासा हे अन्न आहे. तरीही धडपडणाऱ्या माशाला उगाच खेळवू नये, चटकन गरी सोडवावी, नको असलेले बारीक पिल्लू परत टाकावे, असे संकेत वडीलधारी माणसे पाळत आली आहेत. समाधानाला माशाच्या बाजूनेही काही मर्यादा असावी, अशी जाण त्यात दिसते. पण तेवढ्याने तो हिशेब पुरा होतो, असे म्हणवत नाही.

मासे धरण्याकडे पोटापलीकडची गोष्ट म्हणून पाहणे अलीकडचे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात या त्यातल्या उल्लेखामुळे तो मराठी अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोद येतो. माशांचे प्रकार, समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, कोणाला काय खाऊ घालावे, असा तपशील तिथे आहे. राजाला कालवणाची चिंता नव्हती. म्हणजे केवळ गळ टाकून बसण्यातही रमण्याजोगे काही आहे, हे तेव्हाही लोक जाणून होते. राजाचा विनोद आणि खाडीकाठच्या माणसाची सुटीची दुपार यांत अंतर मोठे आहे. एकाला मासा न मिळून काही बिघडत नाही, दुसऱ्याच्या घरी चुलीजवळ कोणीतरी वाटण तयार ठेवून बसलेले असते. तरी दोरीवरचा पहिला हिसका दोघांना सारखाच लागत असला पाहिजे.

याच्या दुसऱ्या टोकाला महाडजवळचे वाळणकोंड आहे. काळ नदीच्या त्या डोहात मोठमोठे महसीर आहेत, वरदायिनी देवीचे म्हणून ते कोणी धरत नाही. लोक काठावरून चुरमुरे आणि पीठ टाकतात, मासे वर येतात, तोंडे उघडतात, लोक पाहतात आणि परत जातात. पाणी आहे, मासा आहे, आमिषही आहे, फक्त गरी नाही. मासा जवळून दिसल्याचा आनंद तिथे सर्वांना होतो. मासे धरण्याचे समाधान खरे म्हणजे पाण्याजवळ बसण्याचे समाधान आहे, असे जे म्हटले जाते, त्याला हा डोह आधार देतो असे वाटते. पण त्या डोहाच्या काठी कोणी सहा तास बसत नाही. खाडीवर माणूस बसतो, रिकाम्या हाताने बसतो, आणि त्याच्या हातातली गरी काढून घेतली तर थोड्याच वेळात उठून जातो. मासा मिळणे आवश्यक नसेलही. मिळू शकेल अशी स्थिती मात्र आवश्यक दिसते.

किती मिळाले म्हणजे पुरे, याचे कोकणातले माप कालवणापुरते. घरात माणसे किती त्यावर ते ठरते. माप चांगले आहे, कारण ते हावरेपणाला आवर घालते. पण समाधान त्याने मोजता येईल का, याची शंका आहे. बाजारातून आणलेले मासेही कालवणापुरते असतात आणि त्यांनी दिवस भरत नाही. पिशवीभर शेंगट्या मिळाल्या, त्यांचे विषारी काटे चुकवत हात दुखले, तरी माणूस कुरकुरतच घरी येतो. आणि एकाच तांबोशीने, तीही सर्वांना एकेक तुकडी पुरेल एवढीच, सबंध आठवडा उजळतो. ओहोटीला खडपावर कालवे पाडणाऱ्या किंवा वाळूतून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा दिवस याहून वेगळा. तिथे मेहनतीच्या मानाने मिळकत बरीच ठरलेली असते, हात सहसा रिकामे राहत नाहीत. कंबर मोडते, पण शंका नसते. त्यांच्या समाधानाबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, ही उणीव आहे.

फार मिळण्याचीही एक बाजू आहे. पहिल्या पावसाला ओढ्यांतून शेतात चढणारे मासे रात्री बॅटरीच्या उजेडात हाताने धरता येतात. गाबोळीने भरलेले हे मासे अंडी घालायला निघालेले असतात. त्या रात्री आरडाओरडा, धावपळ, भरलेल्या बादल्या, सगळे असते, आणि लहानपणी अनुभवलेली ती रात्र माणसे जन्मभर आठवतात. मात्र ओढ्यांतले मासे कमी झाल्याचे सांगणारेही तेच असतात. त्या आठवणीतला आनंद खरा होता यात शंका नाही. तो पुन्हा घ्यावा का, हे विचारले की आवाज खाली येतो.

एकट्याने गरवण्याच्या उलट रापण. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन फळ्यांनी ओढायचे. जाळे वाळूला लागेपर्यंत आत काय आहे ते नक्की कळत नाही. इथेही म्हैस पाण्यातच, पण बोली लावणारे पन्नास. बांगड्याचा किंवा तारल्याचा थवा सापडला तर सगळ्या किनाऱ्याचा दिवस एकदम होतो, न सापडला तर सगळ्यांचा एकदम जातो. रिकामे जाळे पन्नास जणांत वाटून घेतल्याने हलके होते की पन्नास घरांत जाऊन जड होते, हे त्या त्या घराच्या उधारीवर अवलंबून. 1970 नंतरच्या दशकात गोव्यात रापणकार ट्रॉलरांविरुद्ध रस्त्यावर आले, पुढे पर्ससीन जाळ्यांवरून सिंधुदुर्गातही संघर्ष झाला आणि 2016 साली महाराष्ट्र सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. थवा किनाऱ्याला लागण्याआधीच बाहेर उचलला जात असेल, तर किनाऱ्यावरच्या माणसाने तिथी कितीही नीट मोजली तरी उपयोग नाही. समाधानाची चर्चा गरवणाऱ्याला परवडते. रापणीवर पोट असणाऱ्याला आधी मासा लागतो, आणि हे विसरून केलेले चिंतन अपुरेच राहणार.

शेवटी वाटणी. रापणीत ती ठरलेली असते: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावलेल्या वाटसरूलाही ओंजळभर मासे मिळतात. गरवण्यात असा नियम नाही. तरी जास्त मिळाले की शेजारी चार मासे पोचतात, आजारी माणसाच्या घरी मुडदुशी जाते, कारण ती पचायला हलकी. काही जण वाटेतच सगळे देऊन मोकळे होतात आणि घरी पिठी-भात खातात. काही जण पिशवीचे तोंड आवळून आडवाटेने घर गाठतात आणि मुलाबाळांना पोटभर घालतात. दिवस कोणाचा भरला, असे विचारले तर दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे एकाच वाडीत भेटतात, आणि कितीदा तर एकाच घरात.