बिनभोकाची इस्त्री

वहिनीच्या पैठणीवर मेणबत्तीचं मेण सांडलं. नातवाचा वाढदिवस, केक, फुंकर, झटापट. व्हायचं ते झालं. पैठणी माझ्याकडे आली, कारण आईची जुनी इस्त्री माझ्याकडे आहे आणि मेण काढायची आईची रीतही. खाली टिपकागद, वर टिपकागद, मध्ये रेशीम, इस्त्री कोमट. पहिला हात फिरवला, कागदावर तेलकट डाग उमटला, तापल्या मेणाचा वास आला आणि मला थंडी वाजली. मे महिन्यात, पुण्यात.

औलीला रोज संध्याकाळी हा वास असायचा. 1998 चा फेब्रुवारी. बँकेतून रजा काढून मी सात दिवसांच्या स्कीइंगच्या कोर्सला गेले होते. घरी ‘बद्रीनाथच्या बाजूला’ एवढंच सांगितलं होतं. यात्रेचा वास आला की कोणी फार विचारत नाही. जोशीमठाहून रोपवेने सुमारे 4 किलोमीटर वर, समोर नंदादेवी. तिचं वर्णन करत नाही, कॅलेंडरवर ती पुष्कळदा येते.

संध्याकाळी आम्हाला शिकवणारे उस्ताद पत्र्याच्या खोलीत दोन बाकांवर स्की उलट्या मांडायचे. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात मेणाची कांडी. कांडी इस्त्रीला टेकवली की थेंब ओळीने स्कीच्या तळव्यावर पडत. मग ते इस्त्रीने पसरायचं, गार होऊ द्यायचं आणि पट्टीने सगळं खरवडून काढायचं. खरवडायचंच तर लावायचं कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, “दिखे तो ग़लत है, दीदी.”

पण मला सारखी आठवते ती त्यांची मूठ. सकाळी उतारावर पोचलं की ते हातमोजा काढायचे, बर्फ उचलून मूठ आवळायचे आणि उघडायचे. भुरभुरून सांडला तर खुशी. लाडू वळला तर “भारी है”. बोटांतून पाणी आलं तर त्या दिवशी जेवण लवकर. निकाल एका शब्दाचा, त्यावर अपील नाही.

आम्हीही मुठी आवळायला लागलो. मी माझी नावं ठेवली, कारण मराठीने मला काही दिलं नव्हतं. पावसाला भुरभुर, रिपरिप, झड, मुसळधार. आणि हिमालयातून पडणारा, रसवंतीत भुशात गुंडाळलेला, गोळ्यावर किसलेला, सगळा आपला ‘बर्फ’. तेव्हा रात्री पडलेला तो पिठीसाखर. दोन दिवस बसलेला तो रवा. दुपारी उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेला, वरून कडक आणि आतून पोकळ, तो भाकरीचा पापुद्रा. हा सगळ्यात वाईट. त्यावर स्की आधी तरंगते आणि मग एकदम आत जाते. पाचव्या दिवशी पापुद्र्यावर मी अशी आपटले की काठी मुठीतच राहिली आणि अंगठा उलटा गेला. तो अजून पुरता वळत नाही. इस्त्री धरताना कळतं.

म्हणून वर्तमानपत्रांवर माझा एक जुना राग आहे. दर जानेवारीत छापून येतं, डोंगरांनी ‘पांढरी शुभ्र चादर’ ओढली. चादर! एका डोंगरावर उत्तरेच्या सावलीत पिठीसाखर असते आणि दोनशे पावलांवर उन्हात चिखल. अशी चादर कोणी पांघरून दाखवावी.

आपल्याकडे हिमाचा सगळ्यात मोठा विचार केला तो पुण्याच्याच माणसाने. टिळक येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा मॅक्स म्युलरने त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली, आणि 1903 मध्ये आलेल्या ग्रंथात टिळकांनी वेदांतल्या लांबच लांब उषेवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेवलं. सिद्धान्त टिकला नाही. पण येरवड्याच्या उन्हाळ्यात बसून एवढा बर्फ मनात आणायचा, याचं मला अप्रूप आहे. त्यांना मूठ आवळायला मिळायला हवी होती.

औलीत 2011 च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. त्यासाठी बर्फ पाडणारी यंत्रं आली, पाण्यासाठी तळं खणलं गेलं. या यंत्राचा जन्म गमतीचा आहे. अमेरिकेत कनेटिकटमध्ये स्की बनवणाऱ्या एका कारखान्याचा माल बर्फाअभावी पडून होता. 1950 मध्ये त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणि बागेची नळी जोडून स्वतःच बर्फ पाडला. पाण्याचे बारीक थेंब हवेच्या दाबाने उडतात आणि खाली येईपर्यंत गोठतात. पण हवा मुळात शून्याखाली नि कोरडी लागते. म्हणजे थंडीच पडली नाही तर यंत्र असून नसून सारखं. आणि पडतो तो साबुदाणा. सहा पाकळ्या नाहीत, गोल दाणा. पुढे फोनवर मी उस्तादांना विचारलं, यंत्राचा बर्फ मुठीत कसा लागतो? म्हणाले, “मेहमान जैसा.” पाहुण्यासारखा म्हणजे चांगला की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

खरा बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. ते उशिरा आले किंवा कोरडे गेले की उतार तपकिरी राहतो. 2023 च्या फेब्रुवारीत ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. पण त्या वर्षी बर्फाचं दुःख करायला मला लाजच वाटली. महिनाभर आधी खाली जोशीमठच खचायला लागलं होतं. आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले, माणसं घर सोडून बाहेर पडली, रोपवे बंद झाला. हे गाव जुन्या दरडीच्या मातीवर बसलं आहे, जपून बांधा, असं 1976 मध्येच मिश्रा समितीने सांगून ठेवलं होतं.

तिथल्या नृसिंह मंदिराची एक कथा उस्तादांनी सांगितली होती. मूर्तीचं एक मनगट दरवर्षी थोडं बारीक होत जातं. ते तुटेल त्या दिवशी जय-विजय डोंगर एकमेकांवर येतील आणि बद्रीनाथची वाट मिटेल. तेव्हा माझा अंगठा पट्टीत होता, त्यामुळे मला हसू आलं होतं. टीव्हीवर भिंतींतल्या भेगा बघताना आधी ते मनगट आठवलं, समिती नंतर.

तर, पैठणीवरचं मेण निघालं. त्याच संध्याकाळी उस्तादांना फोन लावला. घराला तडा? “है, पर पतला है.” बर्फ? यंदा उशिरा पडला, मार्चमध्ये, लाडू वळणारा. आता निवृत्त आहेत, पण गल्लीतल्या पाच-सहा पोरांच्या स्की तेच घासून देतात. मी इस्त्रीची गोष्ट सांगितली तर म्हणाले, त्यांची जुनी जळाली. नव्यांना वाफेची भोकं असतात, भोकांत मेण अडकतं. “आपवाली में छेद है क्या?”

नाही. आईची इस्त्री सपाट आहे, जड आहे, आणि चालू आहे. जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून दाराशी ठेवली आहे. कुरिअरवर माझा भरवसा नाही. जोशीमठाकडे कोणी जाणार असेल तर कळवा. वजन अडीच किलो.