कोणती संगणकभाषा शिकावी?

संगणकाची विद्या सांप्रत शाळेच्या दाराशीं येऊन उभी राहिली आहे. कोणती संगणकभाषा शिकल्यानें पुढें पोट भरेल, असें पालक वारंवार विचारतात. प्रश्न कळकळीचा आहे. कारण शिकवणीची फी कष्टाच्या पैशांतून भरावयाची असते.

परंतु आज बाजारांत जिला भाव आहे, तिलाच पुढेंहि असेल, असें कोणीं सांगावें? फोर्ट्रान १९५७ सालीं, बेसिक १९६४ सालीं, पायथन १९९१ सालीं व जावा १९९५ सालीं लोकांसमोर आली. एके काळीं घरगुती संगणकांवर बेसिकचें राज्य होतें. आज नवशिक्याच्या हातीं बहुधा पायथन देतात. भाषांचे दिवस असे पालटतात.

भाषा पालटली तरी विचाराची रीत मात्र फारशी पालटत नाहीं. वर्गांतील मुलांच्या गुणांची सरासरी काढावयाची आहे असें समजा. बेरीज शून्यापासून आरंभावी; एकेकाचे गुण तींत मिळवीत जावें; कोणी गैरहजर असेल तर त्यास वगळावें; शेवटीं हजर मुलांच्या संख्येनें भागावें. क्रम, पुनरावृत्ति व अट या तिन्ही गोष्टी यांत आल्या. ज्याला त्या एका भाषेंत साधल्या, त्याला दुसरी भाषा परकी वाटत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतरासाठीं प्रौढ वयांत हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. बालपणीं आईनें शिकविलेल्या संस्कृताची शिस्त त्यांच्या अंगीं होती.

तथापि निवड अगदींच निरर्थक नव्हे. लहान मुलांनीं स्क्रॅच घ्यावी. तींत रंगीत ठोकळे जुळवून आज्ञा देतां येतात. आठवी-नववीच्या मुलामुलींस पायथन बरी. तिचें लेखन सुटसुटीत असून ती विनामूल्य मिळते. यंत्राची स्मृति आंतून कशी वापरली जाते हें ज्यास जाणावयाचें, त्यानें पुढें सीकडे वळावें.

विद्यार्थिमित्रांनो, एक भाषा निवडा आणि घराच्या उपयोगाचें एखादें काम, दुधाचा मासिक हिशेब कां होईना, तींत पुरें होईपर्यंत ती सोडूं नका. दर सहा महिन्यांनीं नवा वर्ग लावणाऱ्याजवळ प्रमाणपत्रें जमतात, विद्या जमत नाहीं. आणि पालकहो, आपल्या पाल्यास किती भाषा येतात असें न विचारतां, एका भाषेंत त्यानें काय करून दाखविलें, तें विचारा.