घुमटातला जयजयकार

मराठी माणूस विजापूरला जातो तो चौथीचं इतिहासाचं पुस्तक डोक्यात घेऊन. भर दरबारात विडा उचलणारा अफझलखान, त्याला धाडणारी बडी साहेबीण. शत्रूचंच गाव! त्यामुळे सोलापूर मागे टाकून शंभरेक किलोमीटरवर गोल घुमट दिसू लागला की कौतुकाचा शब्दही जरा अडखळतच बाहेर पडतो.

कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून मी सज्जात पोचलो, तेव्हा आत एका शाळेच्या सहलीचा कल्ला चालला होता. मास्तर भिंतीशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले; घुमटाच्या पार पलीकडे कान लावून बसलेली मुलगी ते ऐकून खुदकन हसली. मग कुणीतरी आरोळी ठोकली, ‘जय भवानी!’ पोरांचं ‘जय शिवाजी’ पुरं होतंय तोवर घुमटानं जयजयकार स्वतःच्या हाती घेतला. एकदा, दोनदा, पाचदा... रखवालदारानं कपाळाला हात लावला.

खाली मुहम्मद आदिलशहाची कबर. निजामशाही बुडाल्यावर, १६३६ मध्ये, शहाजीराजे चाकरीला आले ते याच्याच. आणि तो वारला १६५६ मध्ये. त्याच वर्षी शिवाजीराजांनी जावळी घेतली होती.

मला स्वतःला या अवाढव्य घुमटापेक्षा इब्राहिम रोजा जास्त आवडतो. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या अरबी अक्षरांच्याच कोरल्यात: अक्षरं दगडाची, मधल्या फटी उजेडाच्या. इथं दुसरा इब्राहिम आदिलशहा निजलाय. गाण्याचा वेडा. ‘किताब-ए-नवरस’मधली दखनी पदं त्यानं रागांत बांधली, सरस्वतीला वंदन केलं, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. किल्ल्यातल्या नरसोबाच्या दर्शनाला तो जाई, असं गावात सांगतात. म्हणून त्याला लगेच मखरात बसवायला नको. सुलतान होता, लढायाही केल्याच. पण आमच्या पुस्तकात हा गाणारा बादशहा एका ओळीपुरताही नव्हता, याची मला अजून चुटपुट लागते.

शेवटी मुलूखमैदान तोफ. तोंडाशी सिंहाचा जबडा, जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. ओतली १५४९ मध्ये, तीही अहमदनगरात. एक आजोबा नातवाला त्या जबड्यापाशी उभं करून फोटो काढत होते. आदिलशहाच्या बुरुजावर उभे राहून, निजामशहाच्या तोफेवर थाप मारत मोठ्या झोकात म्हणाले, “आपल्या नगरची हाये ही!”