नळाची उपमा

महाविद्यालयात तीस वर्षे आम्ही अलंकार शिकवले. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे फळ्यावर लिहिताना चौथ्या अंगाखाली आम्ही नेहमी दुहेरी रेघ ओढत असू. ‘जणू’, ‘सम’, ‘सारखे’ हे शब्द इवलेसे, पण कवीचा प्रामाणिकपणा त्यांच्यातच वस्तीला असतो, असे आमचे वर्गातले आवडते वाक्य होते. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणणारा मुख वेगळे आणि चंद्र वेगळा हे विसरलेला नसतो. ‘मुखचंद्र’ म्हटले की ते अंतर मिटते. रूपकात अभेद असतो. कवितेत हा अभेद आनंद देतो. आपल्याच देहाविषयी विचार करताना तो केवढ्याला पडतो, हे मात्र आम्हांला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळले. त्याची ही हकीकत.

मधुमेह आमच्या सोबतीला आधीपासून होताच. २००९ साली रक्त तपासले तेव्हा एलडीएल १७८ निघाले. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे ते कण, जे वाढले की धमन्यांना घातक ठरतात. डॉक्टरांनी स्टॅटिन गटातली एक गोळी लिहून दिली आणि समजावताना कागदावर एक नळ काढला. “सर, जुन्या नळात क्षार साचतो ना, तसं समजा.” ‘तसं समजा’ असे ते म्हणाले होते, हे आज स्पष्ट आठवते. घरी पोचेपर्यंत ते दोन शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले आणि आमच्या छातीत नुसता नळ उरला.

नळाचे तर्कशास्त्र फार सोपे असते. पाणी नीट येते आहे ना, मग नळ ठीक आहे. २०१३ च्या अखेरीस आम्ही चालत्या पट्ट्यावरची ताणचाचणी करून घेतली. ती निर्दोष निघाली. नळ मोकळा असल्याची वार्ता आम्ही घरी श्रीखंड आणून साजरी केली.

दरम्यान आणखी एक उपमा आमच्या घरात शिरली होती, ती गंजाची. एका रविवार पुरवणीत आम्ही वाचले की कोलेस्टेरॉल मुळात वाईट नसतेच. त्याचे ऑक्सिडीकरण झाले, म्हणजे ते ‘गंजले’, की ते धमनीला बाधते. कापलेले सफरचंद काळे पडते, लिंबाचा रस लावला तर पडत नाही; शरीरातही अँटिऑक्सिडंट हेच काम करतात. आम्ही मोहून गेलो. साध्यासुध्या घरगुती दृष्टान्तात विश्वाचे मर्म सापडावे, यापरते साहित्याच्या माणसाला काय हवे? गोळी मागे पडू लागली आणि २०११ च्या सुमारास बंदच झाली. तिच्या जागी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल आणि सकाळी आवळ्याचा रस आला. डॉक्टरांना आम्ही हे कळवले नाही. आमची कुणी फसवणूक केली असे म्हणावे, तर तसेही नव्हते. त्या गोष्टीत विज्ञान होते, आणि ते खरे होते. आम्ही तिचा पहिला अंक तेवढा पाहिला होता.

आता आम्हांला जे कळले आहे ते असे. धमनी हा नळ नव्हे. तिची भिंत जिवंत असते. आतून तिला एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. रक्तात एलडीएलचे कण जितके अधिक, तितके ते या अस्तरापलीकडे जाऊन भिंतीच्या जाळीत अधिक अडकतात. तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. हा बदललेला कण भिंतीला परका वाटतो, ती हाक देते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, भक्षकपेशी होतात. एरवी पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ती आपली दारे कमी करते. ही दारे शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. परंतु ऑक्सिडीकरण झालेला कण ज्या दाराने आत जातो, त्याला हा आवर नाही. भक्षकपेशी खातच राहतात, मेदाच्या थेंबांनी फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात. मग त्या मरतात. त्यांचा मऊ लगदा आत उरतो आणि त्यावर तंतूंचे झाकण विणले जाते. या रोगाच्या अथेरोस्क्लेरोसिस या नावातच एक विरोधाभास दडलेला आहे. ग्रीकमध्ये पहिल्या पदाचा अर्थ पेज किंवा लापशी, दुसऱ्याचा काठिण्य. कठीण झालेली पेज!

आणि हे सारे भिंतीच्या आत घडते. भिंत पुष्कळदा बाहेरच्या अंगाने फुगते, त्यामुळे रक्ताची वाट बराच काळ मोकळी राहते. एखाद्या दिवशी झाकण फाटते, आतला लगदा रक्ताला भिडतो आणि तिथे गुठळी होते. म्हणूनच पुष्कळ झटके अशा जागी येतात, जिथे आदल्या दिवसापर्यंत मोठा अडथळा नसतो. मे २०१४ मध्ये पहाटे फिरून येताना आम्ही सोसायटीच्या कट्ट्यावर बसलो ते उठलो नाही. डाव्या जबड्यापासून दंडापर्यंत कुणी पिळा घालावा तशी कळ होती. हिने शेजाऱ्यांची गाडी काढवली म्हणून हा लेख लिहायला आम्ही उरलो. ताणचाचणीतला ‘मोकळा नळ’ तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा होता.

रुग्णालयातून स्टेंट घेऊन परतल्यावर आम्ही त्या गोष्टीचे उरलेले अंक वाचले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव याने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत हा रोग उत्पन्न केला. १९८९ मध्ये डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिडीकरणाचा विचार ठळकपणे मांडला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे दिसले. १९९६ मध्ये केंब्रिजच्या एका चाचणीनेही आशा दाखवली. इथवर आमची पुरवणी बरोबर होती.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. २००० साली साडेनऊ हजार रुग्णांच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाचा काही उपयोग दिसला नाही. आणि २००२ साली ब्रिटनच्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’चा निकाल आला. हृदयविकार, इतर धमन्यांचे विकार किंवा मधुमेह असलेल्या, म्हणजे आमच्यासारख्याच, २०,५३६ माणसांवर एकाच वेळी दोन्ही उपाय तपासले गेले होते. ई, सी आणि बीटा कॅरोटीन यांची गोळी पाच वर्षे घेणाऱ्यांच्या रक्तात ई जीवनसत्त्वाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. झटक्यांत वा मृत्यूंत फरक काही पडला नाही. स्टॅटिन घेणाऱ्यांत मात्र हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने घटले. आम्ही २०११ मध्ये ज्या दोहोंतून निवड केली, त्यांचा निवाडा नऊ वर्षे आधीच लागून गेला होता.

गोष्ट खरी असून उपाय खोटा का ठरावा? याची समाधानकारक उत्तरे अद्याप पूर्ण झालेली नाहीत, पण एक गोष्ट गंजाच्या उपमेतच चुकली होती. लोखंडाला गंजाचा काहीच उपयोग नसतो. शरीराला मात्र ऑक्सिडीकरण हवे असते. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच अस्त्राने. शिवाय फळे, भाज्या, डाळी, तेलबिया भरपूर खाणाऱ्यांचे हृदय सामान्यतः बरे राहते हे खरे. परंतु त्यांच्या ताटातून एकच रेणू उचलून कॅप्सूलमध्ये भरला म्हणजे ते ताट कॅप्सूलमध्ये येत नाही. कवितेतून एक प्रतिमा काढून घेतली तर हाती कविता येत नाही, हे आम्ही वर्गात सांगत असू. स्वतःच्या ताटाला तो नियम लावण्याचे मात्र सुचले नाही. कधी कधी तर कॅप्सूल नडते: १९९४ मध्ये फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता.

अलंकारशास्त्रात व्यतिरेक नावाचा अलंकार आहे. त्यात उपमेय उपमानाहून वरचढ ठरते. धमनी नळाहून वरचढ आहे आणि देह लोखंडाहून. उपमा टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यावाचून त्या दिवशी डॉक्टरांच्या समोर बसून आम्हांला काहीच कळले नसते. उपमेय कुठे वरचढ आहे, हा प्रश्न तेवढा विचारायला हवा होता.

गेल्या दिवाळीत लेक घरी आली ती आपला रिपोर्ट घेऊन. ती छत्तीस वर्षांची आहे. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हे आता आम्हांला ठाऊक आहे, आणि ती आमची मुलगी आहे हे त्याआधीपासून ठाऊक आहे. तिचा एलडीएलचा आकडा पाहून आम्ही चष्मा पुसला.

“बाबा, डॉक्टर गोळी सुरू करू म्हणतात. त्याऐवजी तुमच्यासारखा आवळ्याचा रस घेऊन बघू का?”

“आवळा खुशाल खा. आईचा मोरावळा आहेच. पण गोळीऐवजी नको. आणि गोळीबद्दल शंका असेल तर डॉक्टरांनाच विचार, आमच्यासारखी परस्पर बंद करू नकोस.”

“पण नक्की होतं काय आत? काढून दाखवा बघू.”

कागद पुढे ओढला. तीस वर्षांची सवय. हाताने आपसूक नळच काढला. क्षणभर थांबलो, आणि त्याखाली ‘तसं समजा’ असे लिहून दुहेरी रेघ ओढली. मग शेजारी जाड भिंत काढायला घेतली आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागलो.