दोनदा भेटणाऱ्या नद्या

नाताळच्या सुट्टीत माजलगावला जाणार, असे सांगितल्यावर शेजारच्या मंडळींनी "तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे विचारले. प्रश्न रास्तच होता. लेण्यांसाठी वेरूळ आहे, थंड हवेसाठी महाबळेश्वर. बीड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव कोणाच्या सहलीच्या बेतात बसत नाही. पण आमच्या आईचे आजोळ याच मुलुखातले. ते गाव धरणाच्या पाण्यात गेले आणि त्यानंतर ती इकडे फिरकली नव्हती. एक अख्खा दिवस तिच्या पावलांनी हिंडायचे, असे आम्ही भावंडांनी ठरविले.

सकाळी मंजरथ गाठले. सिंदफणा येथे गोदावरीला मिळते. लोक संगमाला दक्षिण प्रयाग म्हणतात, आप्तांच्या अस्थी घेऊन येतात. घाटाच्या पायरीवर आम्ही कितीतरी वेळ नुसते बसून होतो. मागे लक्ष्मी-त्रिविक्रमाचे देऊळ, अरुंद बोळ, आणि जुन्या घरांच्या उंबरठ्यांवर उन्हाला बसलेली वृद्ध माणसे. एका आजीबाईंनी आईला "कुठल्या तुम्ही?" असे विचारले मात्र, दोघींची अशी गट्टी जमली की आम्हांला तासभर कोणी विचारलेच नाही! प्रवासवर्णनांतून अशा तासांना जागा मिळत नाही, ही त्या वर्णनांची उणीव.

पुढे गोदाकाठानेच पुरुषोत्तमपुरी. अधिक मासात येथे रीघ लागते. २०२३ साली श्रावण अधिक आला होता, तेव्हाही ती लागली. आम्हांला मात्र ओढ होती ती येथे सापडलेल्या ताम्रपटाची. शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० मधला हा लेख वा. वि. मिराशी यांनी वाचून प्रसिद्ध केला. देवगिरीच्या रामचंद्र यादवाने आपला मंत्री पुरुषोत्तम याला गावे दिली, त्याने त्यांचा अग्रहार केला आणि त्याच्या नावावरून पुरुषोत्तमपुरी हे नाव पडले. राजा तोवर दिल्लीचा मांडलिक झालेला होता. पुढल्या सात-आठ वर्षांत यादवांचे राज्यच संपले. गावाचे नाव मात्र सातशे वर्षे टिकले. आईने हे सारे शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "तांब्यावर लिहिलं म्हणून राहिलं का रे?"

दुपारी एका ओळखीच्या शेतात हुरडा झाला. आगटीभोवती बसून गरम कणसे तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. आईच्या हाताला ती सवय अजून होती. आमची नातवंडे बोटे भाजून घेत होती.

उन्हे कलल्यावर धरणावर गेलो. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले, सिंदफणेवरचे हे मातीचे धरण १९८७ साली पुरे झाले. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत येऊन गोदावरीचे पाणी यात सोडतो. म्हणजे ज्या दोन नद्यांचा संगम आम्ही सकाळी पाहिला, त्या वरच्या अंगाला माणसाच्या हातून एकदा आधीच भेटलेल्या असतात. या पाण्याने खालची शिवारे उसाने हिरवी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आईनेही ते कधी नाकारले नाही.

२०१६च्या दुष्काळात धरणाचा उपयुक्त साठा संपला, तेव्हा मामा येऊन घराचे जोते पाहून गेले होते. आज पाणी काठोकाठ होते. आईने हात डोळ्यांवर धरून बराच वेळ पाहिले, एकदा उजवीकडे बोट केले, मग डावीकडे. खूण सापडेना. मग ती भिंतीच्या कडेला बसली आणि वेशीवरच्या चिंचेपासून एकेक घर बोटांवर मोजू लागली: चावडी, कुंभाराचे घर, सोनाराचे, आडाजवळची काकू... आम्ही खिशातल्या पावतीच्या पाठीवर लिहून घेऊ लागलो. सतराव्या घरापाशी ती अडली.

"थांबा," ती म्हणाली आणि पुन्हा चिंचेपासून निघाली.