थाक खाई ल्यो!

मराठी माणसाला गिरनार म्हटले की पहिल्याने आठवते ते दत्तशिखर. वीस वर्षांपूर्वी मी बाबांबरोबर ते चढलो, तेव्हा त्या दहा हजारांच्या आसपास असलेल्या पायऱ्यांवर बाबा पुढे आणि मी धापा टाकीत मागे, असा क्रम होता. गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. बाबांना आता ७८ वे वर्ष. २०२० साली सुरू झालेल्या रोपवेने अंबामातेच्या देवळापर्यंत अलगद नेऊन सोडले. पण दत्तगुरूंपर्यंत ती तार पोचलेली नाही. पुढे पायऱ्याच!

निघण्यापूर्वी मी बहिणीला फोनवर "बाबा आता फार थकलेत गं," असे म्हणालो, ते त्यांच्या कानी पडले होते. आगगाडीत ते एवढेच म्हणाले, "मी दमतो रे, थकत नाही. मराठी शिकवतोस ना? फरक ठाऊक असेल."

फरक ठाऊक होता म्हणूनच मी ओशाळलो. आपल्याकडे पोर खेळून दमते, कामाच्या रगाड्याने जीव शिणतो आणि माणूस वयाने थकतो. दमलेल्याला घोटभर पाणी पुरते, शिणलेल्याला रात्रीची झोप. पण थकलेल्याला काय द्यावे? कर्जाचा हप्तादेखील मराठीत 'थकतो'!

अंबामातेपासून गोरक्षनाथांच्या शिखराकडे निघालो. हे गिरनारचे सर्वांत उंच टोक, ३,६०० फुटांहून अधिक. बाबा दर दहा पायऱ्यांनी थांबू लागले. एका वळणावर लिंबूसरबतवाल्याने हाक दिली, "दादा, जरा थाक खाई ल्यो!"

बाबा हसले. "थकवा खायचा? हे बरे फराळाचे!"

गुजरातीत 'थाक खावो' म्हणजे विसावा घेणे. तसे पाहिले तर आपण तरी काय करतो? 'दम खातो'! शेजारशेजारच्या या दोन भाषांनी एकीने थकवा खाल्ला, दुसरीने दम. विसावा दोघींनाही मिळाला.

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटले, "बाबा, या पायऱ्या बाराव्या शतकात कुमारपाल राजाच्या काळी बांधल्या. त्याचे गुरू हेमचंद्र. त्यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात 'थक्क' असा धातू नोंदला आहे. अर्थ काय, ठाऊक आहे? उभे राहणे! आपले 'थकणे' त्याच गोत्रातले. बंगाल्यांचे 'थाका' म्हणजे तर चक्क राहणे."

बाबांनी सरबताचा पेला खाली ठेवला. "म्हणजे थकला, तो संपला असे नव्हे. थांबला, एवढेच?"

"एवढेच," मी म्हणालो. व्याकरणाने माझी इतकी लाज कधी राखली नव्हती.

गोरक्षनाथांपाशी पोचलो. समोर, मधल्या खोल उतारापलीकडे, दत्तशिखर उन्हात लखलखत होते. उतरायचे आणि पुन्हा चढायचे. बाबांनी बराच वेळ तिकडे पाहिले, जागेवरूनच हात जोडले आणि कठड्याला टेकून बसले.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "माझाही नमस्कार सांग. मी इथे थाक खातो."

मी निघालो. वळून पाहिले, तर सरबतवाल्याच्या पोराला शेजारी बसवून बाबा त्याच्याकडून गुजराती शिकत होते.